पाव फेऱ्याची कुळकथा

पहिल्या महायुद्धातलं विमान आतून तपासायचं म्हणजे बऱ्याचदा नाडी सोडायची. धडावर ताणलेलं कापड कडेच्या छिद्रांतून दोरी ओवून आवळलेलं असे. मेकॅनिक ती दोरी सैल करी, आत डोकावून तारा तपासी आणि पुन्हा आवळी. इंजिनाभोवतीचं पत्र्याचं आवरण पट्ट्यांनी, बकलांनी, बिजागरीत सरकवलेल्या लांब तारेनं किंवा नुसत्या पिनांनी धरलेलं असे. सॉपविथ कॅमलसारख्या विमानात इंजिनाच्या तोंडाशी असलेलं गोल आवरण पोलादी तारेच्या वेढ्यानं जागेवर ठेवलं जाई. हे सारं चालून जाई, कारण विमानाचा बाकीचा सांगाडाही तसाच ओबडधोबड होता. तारा, दांडे, उघडी सिलिंडरं, सगळंच वाऱ्यात. दोन बकलं बाहेर राहिली म्हणून कोणाचं काही अडत नव्हतं.

अडायला लागलं ते विमान गुळगुळीत झाल्यावर. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या लँगली इथल्या नाका या सरकारी संशोधन संस्थेत फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेनं थंड होणाऱ्या इंजिनासाठी नव्या घाटाचं आवरण तयार केलं. इंजिन पूर्ण झाकायचं, पण हवा नेमकी सिलिंडरांवरूनच खेळवायची, अशी ती रचना. लॉकहीडच्या एअर एक्स्प्रेस विमानावर ते बसवल्यावर वेग ताशी १५७ मैलांवरून १७७ मैलांवर गेला. इंजिन तेच, इंधन तेच, फक्त वरचा पत्रा बदलला आणि वीस मैल पदरात पडले. १९२९ चं कोलियर पारितोषिक नाकाला मिळालं ते यासाठी.

विमानांच्या इतिहासात या आवरणाचं पान ठळक असतं. त्यानं मेकॅनिकच्या डोक्यावर काय ठेवलं, ते कोणी फारसं लिहीत नाही. तोवर उघडं पडलेलं इंजिन हात घालून तपासता येई, आता दर वेळी आधी पत्रा काढायचा. शिवाय विमान पळत असताना आवरणाच्या बाहेरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे पत्रा आत दबत नाही, तर बाहेर ओढला जातो. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. पत्र्याची पुढची कड जरा जरी उचलली गेली तरी आत वारा शिरतो आणि मग तो पत्रा विमानाचा राहत नाही.

साधे स्क्रू लावून भागलं नसतं का? भागलं असतं, आणि आजही जिथे पत्रा विमानाचा भार पेलतो, तिथे रांगेनं स्क्रूच असतात. पण स्क्रू टिकतो तो आट्यांमधल्या घर्षणावर आणि इंजिनाची थरथर नेमकं घर्षणच खाऊन टाकते. म्हणून तो तारेनं बांधायचा, नाहीतर त्याला काही अडकवायचं. दर तपासणीला डझनावारी स्क्रू फिरवून काढायचे, जपून ठेवायचे, परत लावायचे. त्यातला एक हातातून निसटून इंजिनात घरंगळला, तर तो सापडेपर्यंत विमान जमिनीवर. वाऱ्यात सुटू नये इतकं घट्ट, आणि मेकॅनिकला क्षणात उघडता यावं इतकं सोपं: या दोन मागण्या एकमेकींच्या मुळावर येणाऱ्या होत्या.

त्यावरचा तोडगा निघाला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आणि तो काढणारा माणूस आला होता युक्रेनमधून. व्होलोदिमिर झूस हा १८९५ साली तेर्नोपिलजवळच्या चेर्निखिव्त्सी गावात जन्मला. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. अमेरिकेत त्याचं नाव विल्यम झालं, आडनाव मात्र तेच राहिलं. लाँग आयलंड हे त्या काळात विमानउद्योगाचं आगर होतं. ग्रमनसारख्या कंपन्या तिथेच वाढल्या. तिथल्याच वेस्ट आयस्लिपला झूसचा कारखाना उभा राहिला. १९३० च्या दशकात त्यानं आपल्या आडनावानं जो फास्टनर बाजारात आणला, त्याला हँगरमधली माणसं आजही नुसतं ‘झूस’ म्हणतात.

वस्तू बोटाच्या पेरात मावेल एवढी. पत्र्यात बसलेली एक खुंटी, तिच्या डोक्यावर पेचकसासाठी खाच. खुंटीचा खालचा दांडा पोकळ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तिरक्या वर चढत जाणाऱ्या खाचा कापलेल्या. खाली विमानाच्या सांगाड्यावर जाड पोलादी तारेची स्प्रिंग, दोन्ही टोकांना वळसे देऊन रिव्हेटनं पक्की केलेली, वरून पाहिली तर इंग्रजी एस अक्षरासारखी. खुंटी दाबली की तिचा दुभंगलेला दांडा तारेच्या मधल्या आडव्या भागाला कवेत घेतो. आता फिरवायचं. तार तिरक्या खाचेत चढू लागते, खुंटी खाली ओढली जाते, तार वर ताणली जाते आणि दोन पत्रे एकमेकांना घट्ट भिडतात. खाचेच्या शेवटाला एक छोटा उंचवटा आहे. तार त्यावरून घसरून पलीकडच्या खळग्यात पडते, तेव्हा बोटांना खट्ट असं जाणवतं. एवढं होईतो खुंटी फिरलेली असते फक्त पाव फेरा.

सगळी हुशारी त्या उंचवट्यात आहे. खुंटी उलटी फिरायची तर तारेला आधी आणखी ताणून उंचवट्यावर चढवावं लागेल. थरथरीत तेवढा जोर नसतो, पेचकस धरलेल्या मनगटात असतो. आटे पूर्णपणे घर्षणाच्या भरवशावर होते, इथे भरवसा ताणलेल्या स्प्रिंगचा आणि खाचेच्या आकाराचा. थरथरीनं स्क्रू हळूहळू सैल होत जातो. ही खुंटी एकतर लागलेली असते, नाहीतर नसते. शिवाय खुंटी पत्र्याला कायमची जोडलेली राहते. पत्रा काढला तरी ती त्याच्यासोबतच येते, म्हणजे हरवण्याचं कारण नाही.

या खुंट्या तीन प्रकारच्या डोक्यांच्या मिळत: पत्र्याशी सपाट, किंचित फुगीर, आणि चिमटीत धरून फिरवायला पंख असलेली. मापं डोक्यावरच कोरलेली असतात. सपाट डोक्यासाठी एफ, मग दांड्याचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत, मग लांबी इंचाच्या शंभराव्या भागांत. ‘एफ ६½ ५०’ असं दिसलं की अनुभवी मेकॅनिक पुस्तक न उघडता डब्यातून नेमकी खुंटी काढतो. त्यासाठी खास किल्ली किंवा घासून आकार दिलेला पेचकस वापरावा, असा नियम आहे. पण ज्या डोक्यात नाणं बसतं तिथे लोक नाणं घालतातच, मग ते डोकं कोणत्याही देशातलं असो.

दुसऱ्या महायुद्धानं झूसचा खप वाढवला. मस्टँगसारख्या लढाऊ विमानाचं इंजिन एका उड्डाणाहून परतल्यावर दुसऱ्या उड्डाणाआधी उघडून पाहावं लागे आणि त्या उघडझापीत वाचलेली मिनिटं मोलाची होती. ब्रिटनमध्येही तो बनू लागला. त्याच सुमाराला कॅमलॉक, एअरलॉक हे भाऊबंद आले: दांड्याला आडवी पिन, समोरच्या खोबणीत चढतं वळण, तत्त्व तेच. कॅमलॉकच्या काही प्रकारांत खुंटीखाली छोटी स्प्रिंग असते, त्यामुळे उघडी राहिलेली खुंटी पत्र्यातून मान वर काढून उभी राहते. ही वरकरणी क्षुल्लक सोय माझ्या मते झूसच्या मूळ शोधाइतकीच महत्त्वाची आहे. का, ते पुढे येईल.

झूसनं कमावलेला पैसा आपल्या माणसांसाठी खर्च केला. १९४८ मध्ये त्यानं युक्रेनियन इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका स्थापन केली. १९५५ मध्ये तिच्यासाठी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरचा, ७९ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा फ्लेचर-सिंक्लेअर वाडा घेतला. १९६४ मध्ये तो वारला. संस्था आजही त्याच वाड्यात आहे. त्याचा फास्टनर मोटारींच्या शर्यतीत गेला, तिथे बॉनेट आणि बाजूचे पत्रे त्यानंच धरलेले असतात. कॉकपिटमध्येही शिरला: वैमानिकाच्या शेजारची रेडिओची, दिव्यांची छोटी पॅनेलं दोन उभ्या पट्ट्यांवर झूसनं बसवतात. रुंदी ठरलेली पावणेसहा इंच, पट्टीवरच्या छिद्रांमधलं अंतर तीन अष्टमांश इंच. त्या मापामुळे एका कारखान्याचा रेडिओ काढून दुसऱ्याचा बसवायला पत्रा कापावा लागत नाही.

जेट विमानांनी मात्र प्रश्नाचं आकारमानच बदललं. प्रवासी विमानाच्या इंजिनाचे बाजूचे दरवाजे माणसाहून मोठे. ते वर बिजागरीला टांगलेले आणि खाली पोटाशी एकत्र येणारे. एवढ्या ओझ्याला खुंटी पुरेना. तिथे आले हुकाचे लॅच. लोणच्याच्या काचेच्या बरणीला झाकणावर तारेची कडी असते. ती दाबताना एका बिंदूपर्यंत विरोध करते आणि तो ओलांडला की स्वतःच खाली बसून झाकण आवळते. या लॅचचं तंत्र तेच. हुक समोरच्या दांडीत अडकवायचा, मूठ दाबायची. मधला बिंदू ओलांडला की ओढ जितकी वाढेल तितकी मूठ जास्तच बंद राहते. मिटलेली मूठ आवरणाच्या पृष्ठभागाशी इतकी सपाट बसते की वाऱ्याला तिचा पत्ताच लागत नाही.

आणि माणसालाही लागत नाही! इथूनच या कुळाची दुसरी गोष्ट सुरू होते. वाऱ्याला धरून ठेवायचं कोडं सुटलं होतं, उघडायला सोपं करायचंही सुटलं होतं. लॅच उघडं आहे हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे, ही तिसरी मागणी कॅमलॉकची मान वर काढणारी खुंटी पुरी करत होती, पण लॅचसाठी ती बराच काळ कोणी मांडलीच नव्हती. एअरबस ए३२० च्या कुळातल्या विमानांची इंजिनं जमिनीच्या फार जवळ असतात. लॅच पोटाखाली, त्यामुळे ते पाहायचे तर गुडघे टेकायचे नाहीतर जमिनीवर आडवं व्हायचं. दरवाजे आपल्याच वजनानं खाली येऊन जवळजवळ मिटतात. लॅच न लावताही उभ्या माणसाला इंजिन बंदच वाटतं.

२४ मे २०१३ ला लंडनच्या हीथ्रोवर हेच झालं. ब्रिटिश एअरवेजच्या ए३१९ च्या दोन्ही इंजिनांचे दरवाजे रात्री तंत्रज्ञांनी उघडले होते. तेल भरायचं होतं, हत्यार हाताशी नव्हतं, म्हणून लॅच न लावता ते गेले. परत आले ते चुकून दुसऱ्या विमानापाशी. त्याचे दरवाजे नीट बंद होते, तेलही हवं तेवढं होतं. कोणीतरी काम उरकलं असावं, असं त्यांनी धरलं. सकाळी वैमानिकानं विमानाभोवती फेरी मारली, त्यालाही काही खटकलं नाही. ऑस्लोला निघालेलं विमान धावपट्टी सोडता सोडता दोन्ही इंजिनांचे दरवाजे फाटून गेले, उजव्या इंजिनाची इंधननळी फुटली आणि परतताना त्या इंजिनाला आग लागली. ७५ प्रवासी आणि ५ कर्मचारी सुखरूप उतरले. ब्रिटनच्या अपघात-तपास शाखेचा अहवाल २०१५ मध्ये आला. त्यात त्या विमानकुळात दरवाजे गमावण्याच्या आधीच्या तीसहून अधिक घटनांची नोंद होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टायगर एअरवेजच्या ए३२० ने सिंगापूरहून उड्डाण करताना आणखी एक भर घातली.

इतक्या वेळा तेच घडल्यावर दर वेळी निष्काळजी माणसाकडे बोट दाखवणं हा आळस आहे. सूचना निघाल्या होत्या, लॅचना भडक रंगही दिला गेला होता. पण रंग दिसायलाही आधी वाकावं लागतं. शेवटी जो बदल २०१६ मध्ये युरोपीय नियामकांनी सक्तीचा केला, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत समजूतदार वाटतो. पुढच्या लॅचला एक किल्ली आली. लॅच उघडायचं तर ती लावावी लागते आणि लॅच पुरतं मिटेपर्यंत ती निघतच नाही. तिच्या टोकाला लोंबणारी लाल पट्टी असते, ‘उड्डाणापूर्वी काढा’ असं लिहिलेली. किल्लीची जागा कॉकपिटमध्ये. ती तिथे नसेल तर ती कुठे आहे, हे वैमानिकाला खुर्चीत बसूनच कळतं.

ही किल्ली एका विमानकुळापुरती आहे. ९ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईहून भूजला निघालेल्या अलायन्स एअरच्या एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाच्या इंजिनावरचं आवरण उड्डाणाच्या वेळी सुटून मुंबईच्या धावपट्टीवर पडलं. विमानात सुमारे सत्तर माणसं होती. उघड्या इंजिनानिशी ते भूजला सुखरूप उतरलं. देखभालीनंतर लॅच नीट लागले होते का, हाच पहिला प्रश्न विचारला गेला.

जुनी विमानं जपणारे मेकॅनिक यावर आपला बिनखर्चाचा उपाय करत आले आहेत. लागलेल्या झूसच्या डोक्यावरची खाच ज्या दिशेला असते, त्या दिशेनं खुंटीवरून शेजारच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. रेघ सलग दिसली तर खुंटी लागलेली आहे. मध्येच तुटून आडवी झाली, तर पेचकस काढायचा.