दातांची सफाई : काय निघते, काय राहते

'दात साफ करून घेतले की ते हलू लागतात', हे वाक्य दंतवैद्याकडे जाण्याचे टाळणाऱ्यांच्या तोंडी हमखास असते. याउलट लग्नसराई जवळ आली की काही जण एकाच बैठकीत दात मोत्यांसारखे शुभ्र होतील अशा आशेने दवाखान्याची पायरी चढतात. ही भीती आणि ही आशा दोन्ही निराधार आहेत. यवतमाळ जिल्ह्यात तर पाण्यातील फ्लोराईड आणि घरोघरी शिरलेला खर्रा यांमुळे दातांवरचे डाग एकाच प्रकारचे नसतात. म्हणूनच सफाईने नेमके काय निघते आणि काय निघत नाही, हे आधी समजून घेतलेले बरे.

घासण्यात राहून गेलेल्या जागी जिवाणूंचा एक चिकट थर साचतो. लाळेतील क्षार त्यात बसले की काही दिवसांतच तो दगडासारखा कठीण होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस ते सर्वाधिक आढळते, कारण लाळग्रंथींची तोंडे तेथेच उघडतात. एकदा घट्ट झालेले किटण ब्रशने निघत नाही. मिठाने वा राखेने तर नाहीच. त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर सहज धरतो, हिरड्या सुजतात आणि ब्रश लागताच रक्त येते. डेन्मार्कमध्ये १९६५ साली हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासणे सुरू करताच आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. मात्र सूज वर्षानुवर्षे राहिली, तर काही जणांत दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. ते हाड पुन्हा सहजासहजी भरून येत नाही.

दवाखान्यात प्रथम तपासणी होते. एका बारीक खुणांच्या सळईने दात व हिरडी यांमधील खोबण मोजली जाते. ती तीन मिलिमीटरपर्यंत असल्यास ठीक. त्याहून खोल असेल आणि रक्त येत असेल, तर हिरडीखालीही सफाई करावी लागते. त्यासाठी बहुधा ती जागा बधिर करतात आणि एकाऐवजी दोन-तीन बैठका घेतात. साध्या सफाईसाठी जे यंत्र वापरतात त्याचे टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून अधिक वेळा कंप पावते आणि त्यावर सतत पाणी पडत असते. हे टोक दात खरवडत नाही, कंपनाने किटणाचे तुकडे पाडते. आवाज कर्कश असतो, तोंडात पाणी साचते, थोडे रक्तही येते. शेवटी रबरी कपाने आणि मऊ लगद्याने दात घासून गुळगुळीत करतात. साधारण अर्ध्या तासाचे हे काम आहे.

दात हलण्याच्या तक्रारीचे मूळ येथे आहे. हाड झिजलेला दात किटणाच्या ओझ्यानेच जखडलेला असतो. किटण निघाले की त्याची खरी अवस्था उघडी पडते. दातांमध्ये फटी दिसू लागतात, कारण तेथे आजवर किटण बसलेले होते. उघड्या पडलेल्या मुळांना थंड पाण्याची कळ लागते. ती बहुधा काही दिवसांत कमी होते. या काळात मऊ ब्रश वापरावा आणि कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात.

आता डागांविषयी. चहा, पान, तंबाखू यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर असतात. ते सफाईत बऱ्याच अंशी जातात. फ्लोराईडचे डाग मात्र दाताच्या आवरणात, म्हणजे आतच असतात. २००७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात पांढरकवडा परिसरातील भूजलातील फ्लोराईडविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराईडचे पाणी वयाच्या आठ वर्षांपर्यंत पोटात गेले, तर हाडात घडत असलेल्या कायमच्या दातांवर पांढरट वा तपकिरी पट्टे उमटतात. ते वर्षानुवर्षे घासूनही जात नाहीत आणि त्यांचा अस्वच्छतेशी काडीचा संबंध नसतो. अशा तरुण-तरुणींना 'दात घासत नाही का?' असे विचारणारे आपल्याकडे कमी नाहीत, हे खेदाने म्हणावे लागते. या डागांवर आवरणाचा अतिपातळ थर घासणे, ब्लीचिंग किंवा दातावर पातळ कवच बसवणे हे वेगळे उपचार आहेत आणि त्यांचा खर्चही वेगळा आहे. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. बाजारात बसून द्रावण लावून दात 'पांढरे' करणाऱ्यांपासून दूर राहावे. आम्लाने डाग नव्हे, दाताचे आवरण विरघळते.

खर्ऱ्याची गोष्ट वेगळी. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेल्या या मिश्रणाचा काळा लेप सफाईत निघतो. गालाच्या आत होणारी हानी मात्र निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक ठरवली. तिखट लागताच तोंडाची आग होणे, गालाची त्वचा पांढरट व ताठर होणे, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, ही लक्षणे असल्यास दातांच्या सफाईपेक्षा ती तपासणी अधिक महत्त्वाची. सफाईला गेलेल्या खर्रा खाणाऱ्याने गाल व जीभही पाहण्याची विनंती स्वतःहून करावी.

खुर्चीवर बसण्यापूर्वी मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयातील कृत्रिम झडप, पेसमेकर किंवा गर्भावस्था यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नये. उपकरणे निर्जंतुक केलेल्या बंद पाकिटातून समोर काढली जातात का, हे विचारण्यात संकोच नको.

दर सहा महिन्यांनी सफाई हवीच, असा नियम मात्र नाही. गंभीर हिरडीरोग नसलेल्या प्रौढांमध्ये ठरावीक काळाने केलेल्या सफाईमुळे हिरड्यांच्या सुजेत फारसा फरक पडत नाही, असे २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. मधुमेही, तंबाखू खाणारे आणि आधीच हाड झिजलेले यांना मात्र तीन-चार महिन्यांनीही बोलावले जाते. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दंतविभाग आहे. हिरडीखालची शस्त्रक्रिया लागल्यास नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी मेघे व अमरावती येथील दंत महाविद्यालये गाठता येतात. तेथे शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ अधिक लागतो, खर्च कमी.