उपचारखर्च, आरोग्यविमा आणि वैद्यकीय दायित्व (महाराष्ट्र)

आजारपणाचा खर्च कुटुंबाला स्वतः किती सोसावा लागतो, विमा त्यातला किती भार उचलतो आणि उपचारात हयगय झाल्यास भरपाई कोणाकडून मिळते, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. अमेरिकेत त्यांची चर्चा खासगी विम्याचे हप्ते आणि डॉक्टरांवरील दाव्यांना घालायची मर्यादा यांभोवती फिरते. महाराष्ट्रात त्यांचे रूप वेगळे आहे. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा यांसारख्या धानपट्ट्यातील गावांतून पाहिले म्हणजे हा फरक ठळक होतो.

स्वखर्च. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३–१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१–२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे, पण उरलेला भारही लहान नाही. त्यात मोठी शस्त्रक्रिया थोडी आणि रोजचे आजार फार असतात : बीपी-शुगरच्या गोळ्या, रक्ततपासणी, सोनोग्राफी, गाडीभाडे. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले. तरीही दुखणे गुंतागुंतीचे असले की पवनी तालुक्यातल्या रुग्णाला भंडारा आणि पुढे नागपूर गाठावे लागते. तेथे ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत भरती झाल्यावर उपचार परवडतात, पण सोबतच्या माणसाचे खाणेपिणे, जाणेयेणे आणि बुडालेली रोजी यांचा हिशेब कोणत्याही बिलात येत नाही. आजारपण धानाच्या रोवणीच्या दिवसांत आले तर मजुरीचा हंगामच हातचा जातो.

सरकारी विमा. राज्यात १९९७ पासून जीवनदायी योजनेतून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना गंभीर शस्त्रक्रियांसाठी साहाय्य मिळत असे. तिच्या जागी २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातील गडचिरोली आणि अमरावती हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. भंडाऱ्यासह उरलेले जिल्हे २१ नोव्हेंबर २०१३ पासून आले. विमासंरक्षण कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाख रुपयांचे होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली.

पात्रतेचा एक तपशील भंडाऱ्याच्या शेतकऱ्यांना बोचणारा होता. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर लाभ सर्वत्र मिळे. पांढऱ्या शिधापत्रिकेवरील शेतकऱ्यांना मात्र तो मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांपुरताच होता. भंडारा त्यात नव्हता. धान पावसात भिजले तरी आणि भाव पडले तरी इथला पांढऱ्या कार्डाचा शेतकरी योजनेबाहेरच राही. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने ही भिंत पाडली : संरक्षण पाच लाखांवर गेले, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि शिधापत्रिकेचा रंग कोणताही असला तरी कुटुंब पात्र ठरले.

प्रत्यक्ष कामकाज असे चालते. अंगीकृत रुग्णालयात योजनेचा ‘आरोग्यमित्र’ बसतो. तो शिधापत्रिका आणि ओळखपत्र तपासून रुग्णाची नोंद करतो. रुग्णालय पूर्वमंजुरी मागते आणि मंजूर पॅकेजच्या दरात उपचार करते. चाचण्या, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण आणि सुटी झाल्यानंतरचे १० दिवस हे सारे त्या पॅकेजमध्ये असते. रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. पॅकेज मात्र भरती झाल्यावरच लागू होते. आयुष्यभर गोळ्या खाव्या लागणाऱ्या, पण भरती होण्याची पाळी न आलेल्या माणसाचा महिन्याचा मेडिकल दुकानातला खर्च या चौकटीत बसत नाही. हीच योजनेची सर्वांत मोठी उणीव आहे.

खासगी विमा. भारतात ‘मेडिक्लेम’ १९८६ मध्ये आला. नोकरदारांत तो रुजला. शेतमजुराच्या घरी तो अजूनही विरळाच दिसतो. हप्ता वयाबरोबर वाढतो आणि नेमकी गरज वाढते त्या वयात तो झेपेनासा होतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यावर माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला.

दायित्व व खटले. वैद्यकीय हयगयीच्या भारतीय कायद्याचा एक पायाभूत निकाल महाराष्ट्रातला आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याच्या एका रुग्णालयात नेले. तेथे पुरेशी भूल न देता जोराने ताण देऊन हाड बसवण्यात आले आणि तो दगावला. वडिलांनी दावा लावला. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ३,००० रुपयांची भरपाई कायम ठेवली. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असे त्या निकालाने ठरवून दिले. मृत्यू आणि अंतिम निकाल यांत १५ वर्षे गेली.

हा विलंब कमी करण्याची वाट १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाखवली. ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ (१९९५) या निकालाने पैसे घेऊन दिलेला उपचार ग्राहक कायद्याखालील ‘सेवा’ ठरला. २०१९ चा नवा कायदा डॉक्टरांना लागू नाही, हा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला. तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते. उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक असल्याने ती लगेच मागून घेणे रुग्णाच्या हिताचे ठरते. फौजदारी कारवाईसाठी मात्र ढोबळ स्वरूपाची हयगय दिसावी लागते, असे २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालात म्हटले आहे. डॉक्टरला निर्भयपणे काम करता यावे, यासाठी ते संरक्षण आवश्यक आहे.

१९९५ च्या निकालात गरिबाला चटका लावणारी एक रेषा आहे. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, तेथील रुग्ण ‘ग्राहक’ ठरत नाही. विमा कंपनीने बिल भरले असेल तर तो उपचार मोफत मानला जात नाही, असेही तोच निकाल सांगतो. त्यामुळे मेडिक्लेम असलेला माणूस ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, तर ज्या सरकारी रुग्णालयात कोणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत तेथील रुग्णाला दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळे दगावली. राज्य शासनाने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. साहाय्य सरकारच्या इच्छेवर असते आणि भरपाई हा हक्क असतो. या दोहोंतले अंतर या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे.

अमेरिकेशी तुलना. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये वेदना आणि मनस्ताप यांबद्दलच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. डॉक्टरांच्या दायित्वविम्याचे हप्ते आवाक्यात राहावेत हा त्यामागचा हेतू होता. ती मर्यादा जवळपास अर्धशतक तशीच राहिली आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वाढू लागली. भारतात अशी कमाल मर्यादा नाही. कोलकात्यातील उपचारांबाबतच्या ‘बलराम प्रसाद विरुद्ध कुणाल साहा’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपये मंजूर केले. मृत महिला अमेरिकेत राहणारी होती आणि तिची संभाव्य कमाई हिशेबात धरली गेली. याच पद्धतीने रोवणीवर जाणाऱ्या बाईच्या जिवाचा हिशेब मांडला, तर तो फार खाली येतो.

मूल्यमापन. भरपाई कमी केल्याने उपचार स्वस्त होतील, हा अमेरिकी वादातला युक्तिवाद येथे लागू पडत नाही. कोंढ्यासारख्या गावातून दावे दाखल होण्यातच अडचणी आहेत. येथे निकड आहे ती तीन सुधारणांची : बाह्यरुग्ण उपचार आणि नेहमीची औषधे योजनेत घेणे, मोफत उपचार घेणाऱ्यालाही तक्रारीचा तोच जलद मार्ग खुला करणे आणि भरपाई ठरवताना मजुराच्या जिवाला सन्मान्य किमान मूल्य देणे. शिधापत्रिकेच्या रंगाचा भेद एका शासननिर्णयाने संपवता आला. पैसे भरणारा आणि मोफत उपचार घेणारा यांच्यातला भेद संपवण्यासाठी कायदाच बदलावा लागेल.