मियोच्या धाववाटा : मेंढ्यांनी राखलेले माळ, शेतकऱ्यांनी वाचवलेली भूमी

दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों जिल्ह्यात तार्न आणि दुर्बी या नद्यांच्या संगमावर मियो हे जुने नगर वसले आहे. लोकसंख्या सुमारे बावीस हजार. कोकराच्या कातड्याचे हातमोजे, मेंढीच्या दुधाचे रोकफोर चीज आणि २००४ मध्ये खुला झालेला उत्तुंग पूल या तीन गोष्टींसाठी ते प्रसिद्ध आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये मात्र त्याची ओळख वेगळी आहे. १९७२ पासून येथे शंभर किलोमीटरची शर्यत भरते. १९९५ मध्ये सुरू झालेला, डोंगरवाटांवरील धावण्याचा मोठा महोत्सवही आता येथेच होतो. शर्यतींचे दिवस सोडून एरवी येणाऱ्या धावपटूलाही येथे निरनिराळ्या ताकदीचे मार्ग मिळतात. हे मार्ग कोणते, त्यांवर काय पाहावे, कोणती काळजी घ्यावी आणि त्यांपैकी काही आजही सर्वांना खुले का आहेत, याचा हा परिचय.

प्रदेशाची घडण

मियो समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर उंचीवर आहे. नगराभोवती चुनखडीची पठारे भिंतीसारखी उभी आहेत. या पठारांना तेथे 'कोस' म्हणतात. अंतर मोजण्याच्या आपल्या कोसाशी या शब्दाचा संबंध नाही. ईशान्येला कोस न्वार, म्हणजे काळे पठार, तर दक्षिणेला लार्झाक. दोन्हींची उंची बहुतेक ठिकाणी सातशे-आठशे मीटरच्या पुढे जाते.

या पठारांवर पाऊस पडतो, पण पाणी टिकत नाही. चुनखडीच्या भेगांतून ते खोल झिरपते आणि कड्यांच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे वर ना ओढा, ना नाला. मेंढ्यांना पाणी मिळावे म्हणून पूर्वजांनी दगडी फरसबंदीची उथळ तळी बांधली. त्यांना 'लाव्होन्य' म्हणतात. ते पाणी जनावरांचे आहे. धावपटूने त्यावर विसंबून राहू नये.

पठारावरचे विस्तीर्ण गवताळ माळ निसर्गाने आपसूक दिलेले नाहीत. शतकानुशतके चरणाऱ्या मेंढ्यांनी ते मोकळे ठेवले आहेत. चराई थांबली की पाइन आणि झुडपे माळ व्यापू लागतात आणि वाटाही बुजतात. पशुपालनाने घडवलेला हा भूप्रदेश म्हणून 'कोस आणि सेव्हेन' या तीन लाख हेक्टरांहून मोठ्या क्षेत्राचा युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला.

पहिला मार्ग : नदीकाठ

नवख्यांसाठी आणि सकाळच्या हलक्या धावेसाठी नदीकाठचा सपाट मार्ग उत्तम. जुन्या वस्तीतील कमानींच्या फॉश चौकातून निघावे. बाराव्या शतकातील चौकोनी बुरुजावर सतराव्या शतकात अष्टकोनी मनोरा चढवून तयार झालेला घंटाघराचा टॉवर पाहून तार्नच्या काठी उतरावे. तेथे मध्ययुगीन पुलाच्या उरलेल्या भागावर उभी असलेली जुनी पाणचक्की दिसते.

नदी ओलांडून डाव्या काठाने गेल्यास ला ग्रोफझांक हे उत्खननस्थळ लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात येथे लाल चकचकीत मातीची भांडी प्रचंड प्रमाणावर तयार होत. ती रोमन साम्राज्याच्या दूरदूरच्या भागांत जात. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतही ती सापडली आहेत. भट्टीत कोणाची किती भांडी भाजली, याचे हिशेब कुंभारांनी थाळ्यांवरच कोरून ठेवले. प्राचीन गॉलिश भाषेच्या अभ्यासकांसाठी ते मोलाचे ठरले. नगरात परतल्यावर एकूण धाव चार-पाच किलोमीटरची होते.

दुसरा मार्ग : पुलाखालून पेरपर्यंत

तार्नच्या उजव्या काठाने पश्चिमेकडे जाणारा रस्ता सुमारे सात किलोमीटरवर पेर या खेड्यात पोहोचतो. येथील घरे आणि जुने चर्च कड्याला टेकून, अंशतः खडकात कोरून बांधलेले आहे. रस्त्याला मोठा चढ नाही. वाहने मात्र असतात, म्हणून भल्या सकाळी निघावे.

या वाटेवर मियोचा पूल डोक्यावरून जातो. २४६० मीटर लांबीच्या या पुलाला सात खांब आहेत आणि त्याचे सर्वोच्च टोक ३४३ मीटरवर आहे. खुला झाला त्या वेळी तो जगातील सर्वांत उंच पूल होता. अभियंता मिशेल व्हिर्लोजो आणि वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांची ही निर्मिती. पुलावरून महामार्ग जात असल्याने एरवी पादचाऱ्यांना प्रवेश नाही. २००७ पासून काही वर्षांच्या अंतराने होणाऱ्या २३.७ किलोमीटरच्या शर्यतीतच धावपटूंना तो पायी ओलांडता येतो.

तिसरा मार्ग : पुंचो दागास्त

नगराच्या माथ्यावर कोस न्वारचे जे टोक पुढे आलेले दिसते, ते पुंचो दागास्त. नगरातून वर जाईपर्यंत साडेचारशे मीटरहून अधिक चढ चढावा लागतो. वाट खडकाळ आहे. बहुतेकांना शेवटचा टप्पा चालतच पार करावा लागतो. माथ्यावरून नगर, दोन्ही नद्यांची खोरी आणि दूरचा पूल एकाच दृष्टिक्षेपात येतात. पॅराग्लायडिंग करणारे याच परिसरातून झेप घेतात. उतरताना सुट्या दगडांवर पाय घसरतो. म्हणून खाचदार तळव्याचे बूट वापरावेत आणि जाऊन येण्यासाठी दोन-अडीच तास राखून ठेवावेत.

चौथा मार्ग : लार्झाकचे माळ

लार्झाकच्या उत्तर भागात पिएरफिश, मोंरदों, ला ब्लाकिएर अशा लहान वस्त्या आहेत. त्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा आणि पायवाटा लांब, निवांत धावेसाठी सोयीच्या आहेत. मियोहून वाहनाने पठारावर जाऊन तेथून धाव सुरू करावी. चढउतार सौम्य आहेत, क्षितिज मोकळे आहे आणि कानावर मेंढ्यांच्या घंटांचा आवाज येतो.

या वाटा आज खुल्या आहेत, त्यामागे दहा वर्षांचा लढा आहे. लार्झाकवर विसाव्या शतकाच्या आरंभापासून लष्करी तळ होता. ऑक्टोबर १९७१ मध्ये संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी तो सुमारे तीन हजार हेक्टरांवरून सतरा हजार हेक्टरांपर्यंत वाढवण्याची घोषणा केली. ती अमलात आली असती, तर हे माळ गोळीबाराच्या सरावाचे मैदान झाले असते.

मार्च १९७२ मध्ये लांझा देल व्हास्तो यांनी ला काव्हालरी येथे पंधरा दिवसांचे उपोषण केले. हे इटालियन विचारवंत १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींजवळ राहिले होते. गांधीजींनी त्यांना 'शांतिदास' हे नाव दिले होते. पुढे १९५४ मध्ये ते विनोबा भावे यांच्या भूदान पदयात्रेतही सहभागी झाले. त्याच सुमारास, २८ मार्च १९७२ रोजी, १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची लेखी शपथ घेतली. वर्ध्यात पाहिलेला अहिंसक प्रतिकाराचा मार्ग अशा रीतीने फ्रान्समधील मेंढपाळांच्या हाती आला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्यांनी पॅरिसच्या आयफेल टॉवरखाली साठ मेंढ्या चरायला सोडल्या. १९७३ पासून परवान्याशिवायच ला ब्लाकिएर येथे मेंढ्यांचा दगडी गोठा उभारण्यात आला. त्यासाठी देशभरातून स्वयंसेवक आले. १९७८ मध्ये शेतकरी लार्झाकहून पॅरिसपर्यंत सुमारे सातशे किलोमीटर पायी गेले. अखेर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या फ्रांस्वा मित्तेराँ यांनी विस्ताराची योजना रद्द केली. लष्करासाठी तोवर खरेदी झालेली सुमारे ६३०० हेक्टर जमीन १९८५ मध्ये शेतकऱ्यांच्या सामूहिक संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळाली. त्याची मुदत पुढे २०८३ पर्यंत वाढवण्यात आली. ला ब्लाकिएरचा गोठा आजही उभा आहे.

मूळचा लष्करी तळ मात्र कायम आहे. २०१६ पासून तेथे फॉरेन लीजनची तुकडी आहे. त्यामुळे ला काव्हालरीजवळ धावताना लष्करी हद्दीचे फलक काटेकोरपणे पाळावेत.

पाचवा मार्ग : तटबंदीचे गाव आणि कड्यांची वाट

लार्झाकच्या दक्षिण भागातील ला कुव्हेर्तुआराद हे तटबंदीचे गाव टेम्प्लर सरदारांनी वसवले. तट पंधराव्या शतकात हॉस्पिटलर पंथीयांनी बांधला. गावाला लागूनच एक सुरेख लाव्होन्य आहे. अशा जुन्या ठाण्यांना जोडणारी 'जीआर ७१ सी' ही वर्तुळाकार वाट तुकड्यातुकड्यांनी धावता येते.

मियोच्या ईशान्येस सुमारे वीस किलोमीटरवर, तार्न आणि जाँत नद्यांच्या संगमाशी, ल रोझिए हे खेडे आहे. तेथून कड्यांच्या कडेने जाणारी वाट अरुंद असून काही ठिकाणी एका बाजूला खोल दरी आहे. तेथे धावण्याचा मोह टाळून चालणेच इष्ट. १९८१ पासून या भागात पुन्हा सोडलेली ग्रिफन गिधाडे येथे डोक्यावरून घिरट्या घालताना दिसतात. त्यांची घरटी कड्यांत असल्याने आखलेली वाट सोडू नये.

शर्यती

'मियोचे शंभर किलोमीटर' ही शर्यत सर्ज कोत्रो यांनी सुरू केली. ती सप्टेंबरअखेरीस होते. पहिले वर्तुळ तार्नच्या घळीकडे जाऊन परत येते आणि बरोबर मॅरेथॉनएवढे असते. दुसरा टप्पा सां-आफ्रिकपर्यंत जाऊन परततो आणि त्यात खडे चढ आहेत. उत्साहाच्या भरात पहिले वर्तुळ वेगाने संपवणाऱ्यांना या चढांवर त्याची किंमत मोजावी लागते. 'टेम्प्लिए' महोत्सव ऑक्टोबरमध्ये होतो. त्यातील मुख्य शर्यत सुमारे ऐंशी किलोमीटरची असून पहाटेच्या अंधारात सुरू होते.

जाण्यापूर्वी

मियो मोंपेलिए शहरापासून रस्त्याने सुमारे ११५ किलोमीटरवर आहे. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर हा काळ धावण्यासाठी अनुकूल. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर सावली नसते. शरद ऋतूत भूमध्य समुद्राकडून येणारा अतिमुसळधार पाऊस ओढे अचानक फुगवतो, म्हणून हवामानाचा इशारा पाहूनच निघावे.

पठारावर जाताना पाणी बरोबर घ्यावेच. लांब पल्ल्याच्या जीआर वाटांवर पांढऱ्या-लाल पट्ट्यांची आणि लहान वर्तुळाकार वाटांवर पिवळ्या पट्टीची खूण असते. फुली दिसली की ती वाट आपली नव्हे. शरदापासून हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत शिकारीचा मोसम असतो. त्या दिवसांत भडक रंगाचे कपडे घालावेत. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

कळपाबरोबर पांढरे राखणदार कुत्रे असू शकतात. ते दिसताच धावणे थांबवावे, काठी उगारू नये आणि कळपाला लांबून वळसा घालून शांतपणे चालत जावे. वाटेतील फाटक बंद आढळले तर पार झाल्यावर पुन्हा बंद करावे. उघडे आढळले तर उघडेच ठेवावे. पलीकडचे कुरण कोणाच्या तरी उपजीविकेचे साधन असते आणि त्या कुरणामुळेच वाट मोकळी राहिलेली असते.