तळटीप २३ : ‘तळघरातली हवा वीज वाहते’

२३. तळघरातली हवा : संदर्भ जर्मनीतील वोल्फेनब्युटेल गावचे शाळाशिक्षक युलिउस एल्स्टर व हान्स गायटेल यांच्या १९०१ च्या सुमाराच्या प्रयोगांचा. विद्युतदर्शीला भार दिला की त्याची धातूची तलम पाने फाकतात. गुहेत किंवा तळघरात ती उघड्यावरच्यापेक्षा लवकर मिटतात, म्हणजेच भार वाहून नेणारे आयन तिथल्या हवेत अधिक. कारण रेडॉन. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम व रेडियमपासून हा रंग-वास नसलेला वायू तयार होतो आणि मातीच्या फटींतून वर येतो. अर्धायुकाल ३.८ दिवस. फुटणाऱ्या प्रत्येक अणूतून सुटलेला अल्फा कण हवेत जेमतेम ४ सेंटिमीटर जातो, पण तेवढ्या वाटेत सुमारे दीड लाख आयन-जोड्या करतो! भर समुद्रावर रेडॉन नाममात्र, म्हणून तिथे हवेचे आयनीभवन बरेच कमी. जमिनीवर वारा पडलेल्या पहाटे तो खाली साचतो, ऊन चढले की पांगतो. लेखकाने अशा हवेला ‘आरोग्यदायी’ म्हटले आहे, ते त्या काळच्या समजुतीला धरून. आजच्या वाचकाने ते मुळीच मानू नये. बंद जागेत साचलेला रेडॉन हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. — संपा.