तार दारावरून जाते, घरात कधी येते? पेण-रोह्याच्या चार तारांचा इतिहास

#थ्रेड

१/ १९०४ साली मुंबईची एक नामांकित वैज्ञानिक संस्था अलिबागेस आली. कुलाबा वेधशाळेत कित्येक दशके पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेची ट्राम येऊ घातली होती आणि तिच्या प्रवाहामुळे त्या नाजूक नोंदी बिघडणार होत्या. विजेचा उपद्रव पोहोचणार नाही अशी जागा हवी होती. ती आपल्या जिल्ह्यात सापडली.

२/ वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी लोखंड टाळून अलिबागेची इमारत उभी करवली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. खाडीपलीकडे महानगर उजळू लागले, तेव्हा अलीकडचा किनारा विजेविना आहे हीच त्याची योग्यता ठरली होती.

३/ याच किनाऱ्यामागे पेण आणि रोहा हे तालुके आहेत. आज तेथे घराघरांत फायबर घेण्याची धडपड चालू आहे. या धडपडीला पूर्वपीठिका आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या भूमीशी चार तारांचा संबंध आला: तारायंत्राची, विजेची, टेलिफोनची आणि आता काचेची. चारही कथा एकत्र वाचल्या की एक सूत्र हाती लागते.

४/ पहिली तार. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर हा मार्ग सुरू झाला. ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली मुंबई, आग्रा, मद्रास, कलकत्ता जोडले गेले आणि फेब्रुवारी १८५५ पासून सामान्य जनतेला पैसे भरून संदेश पाठवता येऊ लागले. पण तारायंत्र कचेरीत असे, घरात नव्हे. खेड्यात ‘तार आली’ एवढे शब्द उच्चारताच रडारड सुरू होई. सुखाची बातमी तारेने येते, हे कोणाला ठाऊकच नव्हते.

५/ येथे एका कायद्याची ओळख करून घेऊ. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने सरकारला कोणाच्याही जमिनीवरून तार नेण्याचा अधिकार दिला. कलम १० नुसार जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राही. सरकारला केवळ वापराचा हक्क मिळे आणि नुकसान झाल्यास भरपाई द्यावी लागे. मात्र ज्याच्या शेतातून तार गेली, त्याला जोडणी देण्याचे बंधन या कलमात कोठेही नव्हते.

६/ दुसरी तार विजेची. सह्याद्रीवर पाणी अडवायचे, ते कोकणात कोसळवायचे आणि वीज मुंबईला न्यायची, ही टाटांची योजना. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. तिन्ही वीजगृहे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात. वीज मात्र थेट मुंबईच्या गिरण्यांकडे आणि पुढे लोकलगाड्यांकडे गेली.

७/ भिऱ्याचे पाणी मुळशीचे. त्या धरणात मावळातील शेते बुडणार होती. १९२१ पासून सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह लढला गेला. जगातील धरणविरोधी लढ्यांपैकी आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना होते. सत्याग्रह हरला, धरण झाले. घाटावरच्यांची जमीन गेली; घाटाखालच्यांच्या डोक्यावरून तारा गेल्या.

८/ वीज काढून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत उतरते आणि कोलाड, रोहा करीत रेवदंड्याशी समुद्राला मिळते. कोलाडला राफ्टिंग करायला जाणारे तरुण ज्या प्रवाहावर स्वार होतात, तो वीजगृहातून सोडलेला प्रवाह आहे. नदी रोह्याला लगेच मिळाली. घरोघरीच्या दिव्यांसाठी मात्र या खोऱ्यातील खेड्यांना फार वाट पाहावी लागली. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतरच ग्रामीण विद्युतीकरणाला खरा वेग आला.

९/ तिसरी तार टेलिफोनची. मुंबईत एक्स्चेंज सुरू झाले १८८२ मध्ये. पण शंभर वर्षांनंतरही खेड्यात फोन ही चैन होती. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने लहान ग्रामीण एक्स्चेंज घडवले: १२८ जोडण्यांचे, धूळ आणि उकाडा सोसणारे, वातानुकूलनाविना चालणारे. आपल्या हवामानाला अनुसरून घडवलेले ते यंत्र होते.

१०/ त्याच काळात पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आले. मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाचा फोन ठरलेल्या वेळी बूथवर येई आणि बोलावणे घरी जाई. फोन गावात होता, घरात नव्हता. तारेच्या इतिहासात ही पायरी प्रत्येक वेळी येते: आधी ती वरून जाते, मग एका सार्वजनिक जागी थांबते, आणि सर्वांत शेवटी उंबरठा ओलांडते.

११/ २००५ मध्ये बीएसएनएलने तांब्याच्या टेलिफोन तारेवरूनच ब्रॉडबँड देण्यास प्रारंभ केला. पण तांब्यातील संकेत अंतरागणिक क्षीण होतो. एक्स्चेंजजवळच्या पेठेत वेग बरा मिळे. काही किलोमीटर दूरच्या वाडीत तो रांगू लागे. अंतराची ही शिक्षा निसर्गनियमाने दिलेली होती.

१२/ चौथी तार काचेची. केसाएवढ्या जाडीच्या धाग्यातून प्रकाश धावतो आणि वीस किलोमीटरचे अंतर तो सहज पेलतो. रेल्वेमार्गांच्या कडेने असे धागे टाकले गेले. त्यांचा उपयोग सर्वांसाठी व्हावा म्हणून २००० मध्ये रेलटेलची स्थापना झाली. मध्य रेल्वे जेथे संपते आणि कोकण रेल्वे जेथे सुरू होते, ते स्थानक म्हणजे रोहा. महामार्ग, लोहमार्ग, सारे येथूनच जातात. ‘जातात’ हे क्रियापद लक्षात ठेवा.

१३/ ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्यास मंजुरी दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचे, हा संकल्प. पुढे यालाच भारतनेट हे नाव मिळाले आणि २०१७ च्या अखेरीस एक लाख पंचायतींचा टप्पा गाठल्याचे जाहीर झाले. येथेही तीच पायरी दिसते. तार आली ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. जणू नव्या युगाचा पीसीओ.

१४/ पुढचे काम कसे चालते? एका धाग्यातील प्रकाश लहानशा डबीत ३२ किंवा ६४ घरांना विभागून दिला जातो. डबीपासून घरापर्यंत बारीक काळी केबल, बहुधा खांबांवरून. हे काम अनेकदा गावचा केबलवालाच करतो, जो पूर्वी टीव्हीची केबल ओढत असे. काचेची दोन टोके यंत्रात वितळवून जोडायची, घरातील डबीवरचा लाल दिवा विझून हिरवा लागला की जोडणी झाली.

१५/ आता गणित पाहा. पेणच्या बाजारपेठेत शंभर मीटर केबलवर कित्येक घरे मिळतात. डोंगरालगतच्या ठाकूर वा कातकरी वाडीत दोन किलोमीटर केबल ओढल्यावर दहा-पंधरा घरे मिळतात. धागा तोच, कारागीर तोच. घरामागचा खर्च मात्र अनेक पटींनी वाढतो. व्यापारी तेथे जात नाही, आणि केवळ हिशेब पाहिला तर त्याला दोषही देता येत नाही.

१६/ हा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. १८६६ मध्ये अटलांटिकपार जाणारी यशस्वी तार आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटावरून निघाली. युरोप आणि अमेरिका यांच्यातील संदेश या किनाऱ्यावरून जाऊ लागले. आयरिश खेड्यांत वीज नेण्याची योजना मात्र सुरू झाली १९४६ मध्ये. तेथेही विखुरलेली घरे आणि लांबच लांब तारा. कोणत्या भागात आधी जायचे, हे किती कुटुंबे जोडणी घ्यायला राजी आहेत ते पाहून ठरे. म्हणून स्थानिक कार्यकर्ते दारोदार हिंडत.

१७/ फायबरच्या वेळीही तेथे बाजार मागे सरला. ग्रामीण ब्रॉडबँडच्या निविदेतून एकेक कंपनी बाहेर पडली आणि अखेरीस एकच बोलीदार उरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये आयर्लंडच्या सरकारने मोठे अनुदान देऊन करार केला. पाच लाखांहून अधिक घरे, शेते आणि दुकाने हे त्याचे लक्ष्य. महत्त्वाची गोष्ट ही की मोजमापाचे एकक गाव नव्हते, दार होते.

१८/ दारापर्यंत तार का हवी, हे रायगडाला २०२० ने शिकवले. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली होती. त्यातच ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. खांब, झाडे, छपरे कोसळली. अनेक गावे कित्येक दिवस वीज आणि संपर्काविना राहिली. जुन्या तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळे. काचेतून वीज वाहत नाही. घरातील वीज गेली की धागा शाबूत असूनही डबी मुकी होते.

१९/ म्हणून जाळ्याची रचनाही महत्त्वाची. सरळ रेषेत टाकलेली केबल जेसीबीच्या एका फटक्यात तुटली की पुढची सारी गावे अंधारात जातात. वर्तुळाकार जाळे असेल तर संदेश उलट्या बाजूने पोहोचतो. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्यात ही वर्तुळाकार रचना आहे आणि दीड कोटी ग्रामीण घरजोडण्यांचे उद्दिष्टही आहे. ‘घर’ हा शब्द आकड्यांत आला.

२०/ २०२३ च्याच दूरसंचार कायद्याने १८८५ च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद केली. तारेला वाट देण्याचा प्रश्न तेव्हाच सुटला होता. ज्याच्या बांधावरून वाट जाते त्याच्या घरी ती वळणार का, हा प्रश्न मात्र मुळशी-भिऱ्यापासून तसाच उभा आहे. पेणमधील गणेशमूर्तींचे कारखानदार परदेशी ग्राहकाला मूर्तीचे चित्र क्षणात दाखवतात. त्याच तालुक्यातील वाडीवरच्या मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी खाली उतरावे लागत असेल, तर तार अजून वाटेतच आहे.

२१/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक काम. आपापल्या घरातील पहिले वीजबिल, पहिल्या फोनची पावती, जुनी तार शोधा. त्यांवरील सनावळी गावच्या नकाशावर मांडा. कोणत्या आळीत तार आधी पोहोचली, कोणत्या वाडीत शेवटी, हे त्यातून दिसेल. तो क्रम प्रत्येक तारेच्या वेळी बहुधा तोच असेल. सापडलेल्या सनावळी येथे अवश्य लिहा. गावोगावचा हा इतिहास अजून कोणत्याही पुस्तकात एकत्र आलेला नाही.