मायक्रॉनचा मोह: मेरिनो लोकर आणि भारतीय मेंढीचे एक शतक

डिसेंबर 2024 मध्ये श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात एका कोकराचा जन्म झाला. संशोधकांनी त्याचे नाव ठेवले 'तर्मीम'. हा मूळचा अरबी शब्द. अर्थ, फेरफार किंवा सुधारणा. भारतातील ही पहिली जनुक-संपादित मेंढी असल्याचे मे 2025 मध्ये जाहीर झाले, तेव्हा चर्चा झाली ती तंत्राची. एका तपशिलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्या जनुकात बदल केला ते होते मायोस्टॅटिन, म्हणजे स्नायूंच्या वाढीला आवर घालणारे जनुक. हेतू होता अधिक मांस. लोकरीचा त्या प्रयोगाशी काही संबंध नव्हता.

विज्ञानाच्या इतिहासात संशोधकाने कोणता प्रश्न निवडला हे त्याला मिळालेल्या उत्तराइतकेच बोलके असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, तेव्हाच्या पंजाबातील हिसार येथील सरकारी पशुपैदास केंद्रावर ऑस्ट्रेलियन मेरिनो मेंढे आणि बिकानेरी मेंढ्या यांच्या संकरातून 'हिसारडेल' ही जात तयार झाली. बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात संकरीकरणाचे उदाहरण म्हणून ती अनेक वर्षे होती. प्रवेशपरीक्षेसाठी ते एक वाक्य पाठ केलेले कित्येक वाचक येथे असतील. त्या प्रयोगाचा हेतू होता अधिक तलम लोकर. हिसारडेलपासून तर्मीमपर्यंत भारतीय मेंढीला विचारलेला प्रश्नच बदलला. तो का बदलला, हे समजून घ्यायचे तर आरंभ तंतूच्या जाडीपासून करावा लागेल.

आज मेरिनो लोकरीचे सदरे, टी-शर्ट, 'टॉप्स' भारतीय शहरांतही विकत मिळतात. सकाळी प्रवासात, दिवसभर वातानुकूलित कार्यालयात किंवा प्रयोगशाळेत आणि संध्याकाळी मित्रमंडळींत एकच वस्त्र चालावे, अशी अपेक्षा ठेवून लोक ते शोधतात. (गंमत अशी, की लोकरीच्या व्यापारात 'टॉप' हा शब्द फार जुना आहे. तेथे त्याचा अर्थ, विंचरून समांतर केलेल्या तंतूंचा पेळू.) या कपड्यांच्या चिठ्ठीवर बहुधा एक आकडा असतो: 17.5 मायक्रॉन, 18.5 मायक्रॉन. हा तंतूचा सरासरी व्यास. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणपणे 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? लोकर टोचते, ही आपली सर्वसाधारण तक्रार. अनेकांना ती ॲलर्जी वाटते. पण बहुतेक वेळा तो निव्वळ यांत्रिकीचा प्रश्न असतो. कापडाच्या पृष्ठभागातून बाहेर आलेले तंतूंचे टोक त्वचेवर टेकते. तंतू बारीक असेल तर तो लगेच वाकतो आणि त्वचेला काही कळत नाही. जाड असेल तर तो ताठ उभा राहतो, आणि भार सुमारे पाऊण मिलिन्यूटनच्या पुढे गेला की त्वचेतील वेदनाग्राही चेतातंतू जागे होतात. बारीक स्तंभ किती भाराखाली वाकेल, याचे गणित लिओनार्ड ऑयलरने 1744 मध्ये मांडले होते. लांबी आणि द्रव्य तेच असेल, तर हा भार व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 30 मायक्रॉनचा तंतू 20 मायक्रॉनच्या तंतूपेक्षा केवळ दीडपट जाड असला, तरी पाचपट ताठ. 15 मायक्रॉनच्या तुलनेत तर सोळापट. एखाद्या कापडात 30 मायक्रॉनहून जाड तंतूंचे प्रमाण पाच टक्क्यांवर गेले, की ते बहुतेकांना टोचू लागते. सरासरी व्यासाइतकेच या मूठभर जाड तंतूंना महत्त्व आहे.

ऑयलरच्या गणिताची गरज न पडता स्पेनच्या मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून बारीक तंतूची मेंढी घडवली होती. 1273 मध्ये राजा दहाव्या अल्फोन्सोने तेथील मेंढपाळांच्या 'मेस्ता' या संघटनेला अधिकार दिले. पुढे मेरिनोची लोकर हा स्पेनच्या वैभवाचा एक आधार झाला, आणि जिवंत मेंढी देशाबाहेर जाऊ नये म्हणून कडक निर्बंध आले. अठराव्या शतकात ही तटबंदी ढासळली. 1765 मध्ये सॅक्सनीला आणि 1786 मध्ये फ्रान्समधील रांबुये येथील राजेशाही केंद्राला मेरिनोचे कळप मिळाले. 1797 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टोकावरून काही मेरिनो ऑस्ट्रेलियात पोहोचल्या. त्याच काळात फ्रेंच निसर्गवैज्ञानिक दोबाँतों मेंढ्यांची पैदास करीत होता आणि सूक्ष्मदर्शकाखाली लोकरीची जाडी मोजत होता. बोटांच्या चिमटीत होणारी पारख येथून आकड्याच्या हाती जाऊ लागली.

विसाव्या शतकात लोकरीने विज्ञानाला जे दिले, ते वस्त्रोद्योगाच्या कितीतरी पलीकडचे आहे. इंग्लंडमधील लीड्स हे लोकरीचे शहर. तेथील विद्यापीठात विल्यम ॲस्टबरी हा भौतिकशास्त्रज्ञ 1930 च्या आसपास लोकरीच्या तंतूंतून क्ष-किरण पाठवत होता. ओला तंतू ताणला की विवर्तनाचा आकृतिबंध बदलतो आणि सैल सोडला की पूर्ववत होतो, हे त्याला दिसले. त्यावरून त्याने केराटिनच्या रेणूच्या 'अल्फा' आणि 'बीटा' अशा दोन रूपांची कल्पना मांडली. 1951 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या सर्पिल रचनेच्या नावातील 'अल्फा' हे अक्षर लोकरीच्या त्या तंतूतून आलेले आहे. लीड्सच्याच लोकर-संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज लोकरीतील अमिनो आम्ले वेगळी करू पाहत होते. त्या खटपटीतून 1941 मध्ये विभाजन-वर्णलेखनाची पद्धत निघाली आणि 1952 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. महाविद्यालयात गाळणकागदाच्या पट्टीवर शाईचे रंग वेगळे करणारा विद्यार्थी याच पद्धतीचा वारसा चालवत असतो. याच परंपरेत 1954 मध्ये मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कोलॅजेन या दुसऱ्या तंतुमय प्रथिनाची तिहेरी सर्पिल रचना सुचवली.

भारतात लोकरीचे विज्ञान मात्र प्रामुख्याने पैदाशीच्या वाटेने गेले. देशातील बहुतेक लोकर जाडीभरडी. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या नेहमी उद्धृत होणाऱ्या वर्गवारीनुसार सुमारे 85 टक्के लोकर गालिच्याच्या प्रतीची, 10 टक्के त्याहून भरड आणि केवळ 5 टक्के अंगावर घालण्याजोगी. स्वातंत्र्यानंतरच्या नियोजनकर्त्यांनी या आकड्यांकडे उणीव म्हणून पाहिले आणि ती विज्ञानाने भरून काढायची असे ठरवले. 1962 मध्ये राजस्थानात मालपुऱ्याजवळ अविकानगर येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था उभी राहिली. चोकला आणि नाली या राजस्थानी जातींचा रांबुये आणि सोव्हिएत मेरिनो यांच्याशी संकर करून 'भारत मेरिनो' तयार करण्यात आली. काश्मिरात स्थानिक मेंढ्यांपासून 'काश्मीर मेरिनो' घडली. ही कामगिरी लहान नव्हती. सुमारे 20 मायक्रॉनच्या आसपासची लोकर देणारी मेंढी भारतीय भूमीवर उभी करून दाखवण्यात आली.

तरीही ही मेंढी देशभर पसरली नाही. पहिले कारण हवामान. मेरिनोच्या अंगावरचा दाट लोकरभार राजस्थानच्या उन्हाळ्यात तिच्याच जिवावर उठतो. उष्णता, परजीवी आणि रोग यांपुढे संकरित मेंढ्या स्थानिकांपेक्षा दुबळ्या ठरतात. भारत मेरिनोचा कळप आज सांभाळला जातो तो तमिळनाडूत, कोडाईकनालच्या डोंगरांतील मन्नावनूर या थंड हवेच्या केंद्रावर. दुसरे कारण चारा. बारीक लोकरीसाठी केवळ जनुके पुरत नाहीत. वर्षभर सारखे पोषण लागते. दुष्काळाच्या महिन्यांत तंतू मध्येच क्षीण होतो आणि पिंजताना, विंचरताना तेथेच तुटतो. शेकडो मैल चालणाऱ्या, काढलेल्या शेतातील धसकटांवर जगणाऱ्या कळपाला असे पोषण कोठून मिळणार? आयात मेंढ्याबरोबर कुरण आयात होत नाही.

तिसरे कारण बाजार, आणि ते निर्णायक ठरले. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांमध्ये देशातील मेंढ्यांची संख्या सुमारे 14 टक्क्यांनी वाढून 7 कोटी 42 लाखांवर गेली. लोकरीचे उत्पादन मात्र 2014-15 मधील सुमारे 4 कोटी 81 लाख किलोवरून 2023-24 मध्ये सुमारे 3 कोटी 37 लाख किलोवर उतरले. मेंढ्या वाढल्या आणि लोकर घटली. मेंढपाळाने आपला हिशेब केव्हाच मांडला होता: पैसा मांसात आहे. उत्तम वस्त्रांसाठी लागणारी बारीक लोकर आपण मुख्यतः ऑस्ट्रेलियातून आणतो. तर्मीमच्या मायोस्टॅटिनकडे या पार्श्वभूमीवर पाहिले, की विज्ञानाने मेंढपाळाचा निर्णय उशिरा का होईना मान्य केला, असे दिसते.

या शंभर वर्षांच्या कथेत मला खटकते ते अपयश नव्हे. जोखमीचे प्रयोग फसणारच. खटकते ते मोजमापातून निघालेले मूल्यमापन. मायक्रॉन हे एक परिमाण आहे. आपण त्याची गुणपत्रिका केली. 20 मायक्रॉनची लोकर 'उत्तम' आणि 35 मायक्रॉनची 'हलकी', ही भाषा अहवालांतून इतकी रुळली की तिचा अर्थ कोणी विचारला नाही. ऑयलरचे सूत्र मात्र पक्षपाती नाही. त्वचेला टोचणारा चतुर्थ घात गालिच्यात गुण ठरतो: पायाखाली दबलेला जाड तंतू पुन्हा उभा राहतो, बारीक तंतू दबून बसतो. बिकानेरच्या बाजारातील लोकर गालिच्यांसाठी मोलाची ठरते ती याच ताठपणामुळे. ज्या बिकानेरी मेंढीला 'सुधारण्यासाठी' मेरिनो आणली, ती आपल्या कामात मुळातच निष्णात होती.

महाराष्ट्राच्या माणदेशात किंवा नगरच्या माळावर याचे रूप अधिक बोचरे आहे. दख्खनी मेंढीची काळी, भरड लोकर सनगर कारागीर विणतात, चिंचोक्याची खळ लावतात, आणि तयार झालेली घोंगडी धनगराला पावसात खोळ, थंडीत पांघरूण आणि रात्री अंथरूण होते. प्रवास, काम आणि विसावा यांना पुरणारे एकच वस्त्र हवे, ही आजच्या शहरी ग्राहकाची अपेक्षा घोंगडीने कधीच पुरी केली होती. फक्त ती अंगालगत नसून सदऱ्यावर घ्यायची असते. आज अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीच्या विक्रीतून सुटत नाही, पण मेंढी कातरावी तर लागतेच. मग ती लोकर टाकून दिली जाते.

याचा अर्थ मेरिनोचा सदरा घेऊ नये, असा नाही. अंगालगतच्या वस्त्रासाठी तिला तोड मिळणे कठीण आहे. प्रमाण हवामानात (20 अंश सेल्सिअस, 65 टक्के सापेक्ष आर्द्रता) लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 16 टक्के पाणी धरते, सुती कापड त्याच्या निम्मे आणि पॉलिएस्टर एक टक्काही नाही. संपृक्त हवेत लोकरीचा हा आकडा 30 टक्क्यांच्या घरात जातो आणि तरी ती हाताला ओली लागत नाही. घामाचा वासही तिच्यात पॉलिएस्टरपेक्षा कमी साचतो, म्हणून सदरा रोज धुवावा लागत नाही. निवडताना अंगालगतसाठी 19 मायक्रॉनच्या आतला तंतू आणि भारतीय शहरांसाठी चौरस मीटरला 150 ते 170 ग्रॅमचे हलके विणकाम पाहावे. मुंबईच्या उकाड्यात सुती सदराच बरा. दिल्लीचा हिवाळा किंवा थंडगार केलेली प्रयोगशाळा ही मेरिनोची खरी जागा. ऑस्ट्रेलियातील काही कळपांत माश्यांचा उपद्रव टाळण्यासाठी मेंढीच्या मागच्या भागाची कातडी कापून काढतात. ती प्रथा पाळलेली नाही, असे चिठ्ठीवर लिहिले आहे का, हेही वाचावे.

आणि मायक्रॉनचा तो आकडा वाचताना इतके ध्यानात असावे, की तो तंतूची जाडी सांगतो, योग्यता सांगत नाही. योग्यता ठरते ती काम ठरल्यावर. भारतीय मेंढीविज्ञानाने एक शतक तंतूला कामाच्या दिशेने वळवण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडे मुबलक असलेल्या तंतूसाठी काम शोधण्याचा प्रश्न त्या मानाने अल्पसाच विचारला गेला. ध्वनिरोधक पट्ट, उष्णतारोधक अस्तर, शेतातील आच्छादन यांसाठी भरड लोकरीचे गुणधर्म मोजण्याजोगे आहेत, आणि त्यासाठी लागणारी उपकरणे आपल्या कित्येक महाविद्यालयांत आहेत. पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला कच्चा माल जवळच्या वाड्यावर जवळपास फुकट मिळेल.