तार्शीशची गलबते

मराठीच्या विद्यार्थ्याला विल्यम केरी हे नाव एका सनासह पाठ असते : 1805, मराठी भाषेचे व्याकरण. (श्रीरामपूर बंगालमधले, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले नव्हे, हे आम्हांला वर्गात दरवर्षी सांगावे लागते.) पण पूर्वायुष्यात जोडे शिवून पोट भरणारा हा इंग्रज इतक्या दूर आलाच का, हा प्रश्न आम्ही सहसा विचारत नाही. 'धर्मप्रसारासाठी' असे म्हणून पुढे सरकतो. हे उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे. कारण केरीच्या काळी धर्मप्रसाराची घाई नको म्हणणारेही श्रद्धावंत ख्रिस्तीच होते, आणि त्यांच्याही हाती बायबलमधलीच भाकिते होती.

1792 साली केरीने लेस्टर येथे 87 पानांची एक पुस्तिका छापली. ख्रिस्तेतरांच्या धर्मांतरासाठी साधने योजणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे काय, हा तिचा विषय. प्रतिपक्षाचे म्हणणे तो तीत प्रामाणिकपणे नोंदवतो : 'प्रकटीकरण' या पुस्तकातल्या साक्षीदारांचा वध आधी व्हायचा आहे, आणखीही बरीच भाकिते पुरी व्हायची आहेत, तोवर इतर राष्ट्रे वळण्याची वेळ आलेली नाही. केरीचे उत्तर तर्कशास्त्र्याला शोभेल असे आहे. ईश्वराचा गुप्त संकल्प हाच आपल्या कर्तव्याचा नियम मानला, तर त्या लोकांना उपदेश करणे जितके गैर, तितकेच त्यांच्यासाठी प्रार्थना करणेही गैर ठरेल!

मग तो स्वतः यशयाकडे वळतो. साठाव्या अध्यायात द्वीपे देवाची वाट पाहत आहेत आणि तार्शीशची गलबते दूरदेशीची लेकरे घेऊन येत आहेत, असे चित्र आहे. केरीने त्यात आपल्या काळातले नौकानयन आणि व्यापार पाहिला. प्रतिपक्षाला भाकीत म्हणजे न आलेली तिथी वाटत होती. केरीला ते हाताशी असलेल्या साधनाची खूण वाटले. आमच्या मते सारा फरक एवढाच, आणि तो लहान नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात नॉटिंगहॅमला त्याने यशयाच्या चौपन्नाव्या अध्यायावर प्रवचन केले : तंबूची जागा वाढवावी, दोर लांबवावेत, कारण संतती राष्ट्रांचा ताबा घेणार आहे. प्रवचनाची संहिता उरलेली नाही. उरले आहे ते त्याचे द्विदल सूत्र : मोठ्याची अपेक्षा धरणे आणि मोठे करू पाहणे. ऑक्टोबरात केटरिंगला मिशनरी संस्था स्थापन झाली, तेव्हा वर्गणीचे आकडे पडले ते 13 पौंड, 2 शिलिंग, 6 पेन्स. केरीच्याच कोष्टकांप्रमाणे जगाची लोकसंख्या होती 73 कोटी 10 लाख. हा जमाखर्च कोणत्याही व्यवहारी माणसाला हास्यास्पद वाटला असता. फळ आधीच कबूल झाले आहे असे मानणाऱ्यालाच तो मांडता येतो.

गलबतांनी मात्र दगा दिला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. 1793 साली केरी आला तो डॅनिश जहाजातून, आणि 1800 साली स्थिरावला तोही डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरात. पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा व्हायला त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. पुढच्याच वर्षी त्याने कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात नोकरी धरली. 1805 चे व्याकरण याच अध्यापनातून आले, वैजनाथ पंडितांच्या साह्याने. म्हणजे आपण ज्याला मिशनऱ्याचे व्याकरण म्हणतो, ते कंपनीच्या कारभाराच्याही उपयोगाचे होते. 1811 साली मराठी नवा करार छापून निघाला. मुंबईत 1813 साली उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकनांनाही आधी परत जाण्याचाच हुकूम मिळाला होता.

केरीच्या वाचनातली एक जागा मात्र आम्हांला खटकत राहते. त्यात द्वीपे फक्त वाट पाहतात. त्यांना काही म्हणायचे असेल, ही शक्यताच तिथे नाही. वैजनाथ पंडितांना हे काम करताना काय वाटले असेल, ते व्याकरणाच्या पानांवर कुठेच उमटत नाही. 1854 साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' 1888 साली आले. एका मराठी माणसाने आपल्या धर्मांतराची हकिकत तिथे स्वतः, मराठीत सांगितली आहे, आणि तिच्यात वाट पाहण्यापेक्षा वाद घालणेच अधिक आहे.